पिंगळ्याच्या पायातली घुंगरं

१

दिवेलागणीला आम्ही नवराबायको संत्र्याच्या बागेत दोन टोकांना जाऊन बसायचो आणि कान लावायचो. रामाकोन्यातल्या लोकांना याची मोठी मौज वाटायची. शाळेतल्या मनकर्णाबाई तर सगळ्यांसमोर विचारायच्या, "काय बाई, काल किती पिंगळे ऐकले?" मी हसून वेळ मारून नेई. खरं सांगायचं तर मला पिंगळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. दिवसभर जनपदच्या प्राथमिक शाळेत पोरींना बाराखडी शिकवायची, घरी येऊन चूल पेटवायची, तीन वर्षांच्या उर्मीमागे धावायचं, आणि पाठ टेकायच्या वेळेला नवऱ्याच्या छंदापायी डासांत जाऊन बसायचं. त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, मी इतकी थकलेली होते की फळ्यापुढे उभ्या उभ्या डोळा लागायचा.

मोरेश्वर सौंसरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि छोट्या गाडीने जाऊन येऊन करायचे. राहायचो आम्ही बागेतच, दोन खोल्यांत. बाग पांढुर्ण्याच्या भैय्याजींची; ते संत्र्याचे व्यापारी. घरात माणसं असली की फळाची चोरी होत नाही, म्हणून त्यांनी घर आम्हाला दिलं होतं. राखणदार भिवाजी पलीकडे झोपडीत असायचा, आम्ही शाळेत असलो की उर्मीवर त्याचीच नजर असायची.

आश्विन लागला की बागेत मुठीएवढी, कानांवर शिंगं असलेली घुबडं यायची. गावाला ते सगळे पिंगळेच. मोरेश्वरांचं म्हणणं, हे आपले नव्हेत, पार बर्फापलीकडून येतात, काही दिवस टेकतात आणि पुढे जातात. नागपूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी त्यांना शब्द दिला होता: ही पाखरं रात्री कुठून कुठे जातात ते दाखवा, मी तुम्हाला माझ्या हाताखाली घेतो. आणि वेळ थोडा होता. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं आणि आमची सौंसर तहसील नव्या मध्यप्रदेशात राहणार होती. मग इकडच्या माणसाला तिकडे कोण विचारणार, असं जो तो बोलत होता. मोरेश्वरांना घाई झाली होती ती याची.

२

अंधारात पाखरू दिसत नाही, म्हणून त्याच्या पायाला घुंगरू बांधायचं, अशी त्यांची युक्ती. भिवाजी दोन झाडांमध्ये बारीक जाळं लावून पिंगळे धरून द्यायचा. सौंसरच्या सोनाराकडून पितळी घुंगरं करून आणली, पण ती जड झाली. बांधलेला पहिला पिंगळा उडेचना. जमिनीवर बसून आमच्याकडे टकमक बघत राहिला.

मग मोरेश्वरांची नजर उर्मीच्या पैंजणांवर गेली. चांदीची घुंगरं, ज्वारीच्या दाण्याएवढी.

ती घुंगरं नटवायला घातलेली नव्हती. बागेतल्या विहिरीला कठडा नव्हता. आमच्याकडे विहीर किंवा नाला जवळ असला की चालायला लागलेल्या पोराच्या पायात आधी घुंगरू घालतात. आईचे हात पिठात असले तरी कान पोराच्या पायाशी असतात. उर्मी मोटेच्या बाजूला वळली की मी हातातलं टाकून धावायची.

"आता मोठी झाली ना ती," मोरेश्वर म्हणाले. "विहिरीकडे जाते कुठं? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, अनुराधा."

माझ्या मनात आलं, पंधरा दिवस घर शांत राहील. कात्री मीच आणून दिली. त्यांनी पैंजणांवरची सगळी घुंगरं उतरवली आणि एकेका पाखराला एकेक बांधलं. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

३

काम सोपं होतं. मोरेश्वर बागेच्या वरच्या टोकाला राखणीच्या माळ्यावर बसत, मी खालच्या टोकाला, मोटेच्या धावेवर, म्हणजे बैलांच्या उतारावर, उर्मीला मांडीवर घेऊन. दोघांपुढे एकेक लाकडी पाट आणि खडू. घुंगरू वाजलं की ते शीळ घालत आणि दोघंही आवाजाच्या दिशेला पाटावर रेघ ओढत. सकाळी ते बागेच्या नकाशावर दोन्ही रेघांचे दोरे ताणत. दोरे जिथे एकमेकांवरून जातील तिथे पाखरू. झाडं ओळीत असल्यामुळे नेमकं झाडही कळे.

पाखराचं घुंगरू कसं वाजतं ते मला लवकरच पाठ झालं. उडताना एकदा छुन्न. मग काहीच नाही. मग दूरच्या झाडावर पुन्हा छुन्न. मधे सगळं मुकं. मोरेश्वर खूश होते. घरात गाणं गुणगुणत होते, पाणी भरून देत होते. नवरा पाणी भरतो म्हटल्यावर मीही खूश होते.

मग एका संध्याकाळी, बागेच्या पार पलीकडच्या कुंपणापाशी, एक घुंगरू जमिनीवरून चालायला लागलं.

छुन, छुन. छुन, छुन. थांबलं. मग जरा घाईने, छुनछुन, आणि पुन्हा थांबलं. एकाचा नव्हे, दोन पायांचा आवाज होता. त्यातला डावा किंचित घासत होता. पिठाचे हात घेऊन मी दीड वर्ष हीच चाल ऐकत आले होते. शंभर पोरींत ओळखली असती.

उर्मी माझ्या मांडीवर बसलेली होती. माझी रेघ ओढायची राहून गेली.

४

"अगं, पिंगळे खाली उतरून किडे खातात," मोरेश्वर म्हणाले. "टुणटुण उड्या मारतात. दोन पाखरं जवळजवळ उतरली की वाटतं कोणी चालून राहिलं. तू थकली आहेस, म्हणून काहीबाही ऐकून राहिली."

ते मला पटलं. पटायला हवंच होतं. तान्हं गाढ झोपलेलं असताना ते रडल्याचं ऐकू येतं, हे कुठल्या आईला ठाऊक नाही? मी मनाशी म्हटलं, बाई, तू चार दिवस झोप काढ.

पण दोरे काही थकलेले नव्हते. त्या एका आवाजाचे दोरे कुठल्याच झाडावर जुळत नव्हते. ते जुळत होते पाण्याच्या पाटाशेजारच्या पायवाटेवर, जिथून माणसं ये-जा करतात. पहिल्या दिवशी कुंपणाशी, मग जरा अलीकडे, मग आणखी अलीकडे. वाट घराकडे येत होती. मोरेश्वरांना आनंद झाला. "एका पाखराची सलग वाट मिळाली बघ!" असं म्हणून त्यांनी नकाशा भिंतीवर टांगला.

उर्मी एव्हाना शहाणी झाली होती. जिथे बसवावी तिथे बसून राही. "किती गरीब झाली हो तुमची पोट्टी," मनकर्णाबाई कौतुकाने म्हणाल्या. आधी ही पोर घर डोक्यावर घ्यायची. आता मी चुलीपाशी असताना मागे वळावं तर ही पाठीशी उभी. कधी आली ते कळायचं नाही. घुंगरं नसली तरी पोराच्या अनवाणी पायांचा सारवलेल्या जमिनीवर थपथप आवाज येतोच. तो येत नव्हता.

एकदा शाळेतून आले तर ती विहिरीच्या अगदी काठावर. भिवाजी पलीकडे मोटेच्या बैलांना पाणी पाजत होता. मी ओरडले तेव्हा त्याने पाहिलं आणि हातातली बादली टाकून दिली.

"आत्ता तं नव्हती जी इथं! पायाचा आवाजच नाही आला मले, बाई!"

मी तिला उचललं तेव्हा तिने विहिरीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची मान पायवाटेकडे वळलेली होती.

त्या रात्री तिला थोपटत होते. डोळे टक्क उघडे.

"झोप ना गं बाळा."

"मी आली नाही ना अजून," ती म्हणाली.

"कुठून आली नाहीस?"

"चालून राहिली मी," ती म्हणाली. गाडीची वाट बघणारं माणूस बोलतं तशी, कंटाळून.

५

दुसऱ्या दिवशी मी भांडले. "घुंगरं परत हवीत. आजच्या आज."

"दोन दिवस थांब. सरांना दाखवण्यापुरतं..."

"तुमचे सर गेले खड्ड्यात आणि तुमचे पिंगळेही! माझी पोर विहिरीत पडल्यावर दोरे ताणणार आहात का?"

इतक्या मोठ्याने मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. मोरेश्वर वाईट माणूस नव्हते. त्यांनी भिवाजीला घेऊन जाळी लावली. एकूण एक पाखरू सापडायला काही दिवस गेले, तोवर दोरे बागेच्या मध्याच्याही अलीकडे आले होते. घुंगरं उतरवताना पाखरं मी धरली. मुठीत वजनच लागत नव्हतं. पिवळे डोळे सरळ माझ्याकडे.

सगळी घुंगरं मी पुन्हा पैंजणांवर ओवली. हातात हलवून पाहिली, छान वाजली. उर्मीच्या पायांत घातली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"ये बाळा, माझ्याकडे ये."

ती आली. भराभर चालत आली. आवाज आला नाही.

मोरेश्वर उठले. खाली बसून त्यांनी तिच्या पायातलं पैंजण बोटाने हलवलं. वाजलं. बोट काढून घेतलं, तिला दोन पावलं चालवलं. नाही वाजलं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने दर वेळी काहीतरी बोलायचं असतं. ते पैंजण पुन्हा पुन्हा हलवत राहिले.

तेवढ्यात बाहेरून, पाण्याच्या पाटाकडून ऐकू आलं. छुन, छुन. घुंगरं सगळी घरात होती.

त्यांनी दार लावलं. मी उठून उघडलं.

"लावू नका. ती आपली आहे."

"उर्मी इथं आहे, अनुराधा. ही काय, माझ्याजवळ."

"मग ती कोण चालून राहिली?"

त्यांनी उर्मीला पोटाशी धरलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला त्यांची दया आली. रागही आला.

६

तेवढ्या नकाशावरही सरांचं समाधान झालं असावं; त्याच आठवड्यात नागपूरहून त्यांची तार आली: महिनाअखेरच्या आत रुजू व्हा. एक नोव्हेंबरनंतर सगळंच बदलणार होतं, ही तारीख काही हलणार नव्हती.

"आपण हिला घेऊन इथून जाऊ," मोरेश्वर म्हणाले. "तिकडे मोठे डॉक्टर आहेत. ही बागच सुटली की सगळं ठीक होईल."

हे बोलणं वेडेपणाचं नव्हतं. पण दोरे मी रोज बघत आले होते, आणि आता आवाज किती पुढे आला ते नुसत्या कानांनी मोजत होते. तिची पावलं लहान, एका संध्याकाळी ती थोडंच चालायची. घर आता दोन-तीन ओळींवर आलं होतं. आम्ही गेलो असतो तर ती रिकाम्या घराशी येऊन उभी राहिली असती. आणि नागपुरात माझी पोर जन्मभर म्हणत राहिली असती की ती अजून आली नाही.

सामान मी मुकाट्याने बांधलं. दिवाळीच्या तोंडावर दुपारची गाडी होती, डबा गच्च भरलेला. उर्मीला खिडकीशी बसवलं, पाण्याची सुरई मोरेश्वरांच्या हाती दिली आणि शिट्टी होताच खाली उतरले.

"शाळेचा चार्ज द्यायचा राहिला," डब्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं मी म्हणाले.

मोरेश्वरांना कळलं. त्यांनी मला परत बोलावलं नाही. पोरीला घट्ट धरून बसले. गाडी हलली तेव्हा उर्मी बागेकडे बघत होती.

संध्याकाळी गावात पणत्या लागल्या. मी एकच कंदील पेटवून उंबरठ्यावर ठेवला आणि दारात बसले. भिवाजीला सोबतीला बोलवावं असं दहादा वाटलं. नाही बोलावलं.

आवाज पाटाच्या टोकाशी आला. अंगण सुरू झालं. छुन, छुन. आमच्या दाराची पायरी एक उंच दगड होती, उर्मीला ती कधीच चढता आली नाही. ती खाली उभी राहून हात वर करायची.

आवाज पायरीशी येऊन थांबला.

कंदील खाली असल्यामुळे उजेड गुडघ्यापर्यंतच होता. दोन लहान पाय. धुळीने भरलेले, अनवाणी, पैंजण नाही. डाव्या पावलावर पांढरा डाग, उर्मीच्या पायावर ऊन दूध सांडलं होतं त्याचा. कंदील उचलला असता तर चेहरा दिसला असता. मी वात आणखी खाली केली.

मग वाकले आणि उचलून घेतलं.

वजन उर्मीचंच होतं. हात गळ्यात पडले तेही तसेच. पण माझ्या गालाला जे लागलं ते केस होते असं मी शपथेवर सांगणार नाही. फार मऊ होतं, आणि त्याला कोरडा वास होता, जाळ्यातून पाखरं सोडवताना हाताला यायचा तसा. मी मान वळवली नाही. डोळे मिटून थोपटत राहिले. गावातले फटाके थांबले तेव्हा माझी मांडी रिकामी होती.

७

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनावर गेले, तर छोट्या गाडीचे गार्ड रामाजी फलाटावरूनच हाक मारत आले.

"बाई, मास्तरांचा निरोप आहे! पोट्टी काल दिवेलागणीलेच मोकळी झाली म्हणे. हसली काय, रडली काय, घरभर धावून राहिली. पैंजणाच्या आवाजानं शेजारी गोळा झाले!"

मी तिथेच बाकावर बसून रडले. इतकं सुख मला आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. घरी जाऊन बोचकं बांधलं. उद्याच्या गाडीने जायचं.

संध्याकाळी आवाज पुन्हा आला.

मी दारामागे उभी राहिले. उचललं नाही. आता काय काम, माझी पोर नागपुरात आहे. पावलं पायरीशी बराच वेळ थांबली. मग वळली आणि हळूहळू विहिरीच्या बाजूला गेली. मी कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी रामाजी हाक न मारता आले. पोरगी पुन्हा गप्प. पायाचा आवाज नाही. आणि सकाळी शेजारच्यांच्या विहिरीवर सापडली, काठावर.

त्या संध्याकाळी मी उचललं. उर्मी पुन्हा बोलायला लागली. त्यानंतर मी परीक्षा पाहिली नाही.

८

अशी वर्षं गेली. नवरा एका राज्यात, मी दुसऱ्या. लोकांनी काय ते ठरवून टाकलं: नवऱ्याने टाकलेली. सांगत कोणाला बसू? मोरेश्वरांना पहिल्यापासून माहीत आहे. तेही कोणाला सांगत नाहीत. ती दोघं सुटीत येतात तेव्हा संध्याकाळच्या आत मी त्यांना जामसांवलीला देवदर्शनाला धाडते. मी नागपूरला जाते ती पहाटेच्या गाडीने, आणि दुपारीच परतते. उर्मीला शाळेतून आल्यावर दारात आई कधी दिसली नाही. मोठी मोकळी, बडबडी पोर आहे. चालते तर जिना दणदणतो. तो आवाज ऐकायला मी जिन्याखाली मुद्दाम थांबते.

ती वाढली. इथली नाही वाढली. वजन तेवढंच आहे. माझी कंबर मात्र आता पूर्वीची राहिली नाही.

उर्मीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी गोरज मुहूर्त धरला. मोरेश्वरांनी सकाळच्या मुहूर्तासाठी पुष्कळ सांगून पाहिलं, पण त्यांच्या घराण्यात लग्न गोरजावरच लागतं. मागच्या महिन्यात उर्मी एकटीच आली होती. निघताना म्हणाली, "आई, अख्ख्या जन्मात एक संध्याकाळ मागून राहिली मी तुला. एक पण नाही का?"

मी तिच्या पिशवीत संत्री भरत राहिले.

आज ते लग्न आहे. मांडवातल्या अक्षतांतल्या मूठभर रामाजींच्या मुलाबरोबर आल्या. त्या मुठीत घेऊन दारात बसले आहे. अंतरपाट धरला असेल. तिने मान खाली घातली असेल, आणि एकदा तरी गर्दीत मला शोधलं असेल. मंगलाष्टकं मला पाठ आहेत, एकटीच म्हणत होते. शेवटचं आलं, हात उचलला, नागपूरकडे तोंड केलं.

आणि अंगणात आवाज आला.

"आज तरी उशिरा यायचं होतंस गं," मी म्हणाले.

पायरीशी पाय थांबले. धूळ, तो डाग, सगळं रोजचं. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. पाय तसेच थांबलेले. मग एक पाय विहिरीकडे वळायला लागला आणि मी घाईने वाकले.

उचलायला दोन्ही हात लागतात. मी मूठ सोडली. अक्षता तिच्याच डोक्यावर पडल्या.